उजव्या खांद्यामागचा आवाज

गेल्या वर्षी नात मला नगरला एका शिबिराला घेऊन गेली. तिचं शिक्षण मानसशास्त्राचं. खाणं सोडून बसलेल्या मुलींना बोलून बोलून पुन्हा ताटावर कसं आणायचं, ते तिथं शिकवणार होते. फळ्यावर लांबलचक इंग्रजी नाव लिहिलेलं होतं. नात म्हणाली, न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग. मी म्हटलं, बाई, एवढं नाव घेईपर्यंत आमची भाकरी थापून व्हायची. ती हसली. मग हातात माईक घेतलेला एक तरतरीत मुलगा पुढं आला आणि म्हणाला, "डोळे मिटा. खाऊ नकोस म्हणणारा मनातला आवाज ऐका. तो कुठून येतोय? डावीकडून की उजवीकडून? कुणाचा आहे?"

मी उठून बाहेर गेले. नातीला वाटलं, म्हातारीला बसून बसून अवघडलं असेल. त्या मुलानं सांगितलेलं सगळं मी पन्नास वर्षांपूर्वी शिकले होते, एका सिस्टरबाईकडून, दवाखान्याच्या व्हरांड्यात. परीक्षा असती तर पहिली आले असते, इतकं नीट शिकले होते. आणि त्यापायी माझी बहीण मरणाच्या दारात जाऊन आली.

आमचं गाव जामखेड तालुक्यातलं. पाऊस तिथं एरवीही हात आखडूनच पडतो, बहात्तरला तर त्यानं तोंडही दाखवलं नाही. घरात चार माणसं. आई, वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, मी अठरा वर्षांची, आणि माझ्या पाठची चौदाची. तिला मी इथं धाकटीच म्हणते. माझं लग्न ठरलं होतं. मुलगा केडगावात राहायचा आणि नागापूरला एका वर्कशॉपमध्ये नव्यानं कामाला लागला होता. दुष्काळ पडला म्हणून लग्न पुढं ढकललं.

सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं, तसं सगळं गाव खडी फोडायला आणि माती वाहायला जायला लागलं. आता आमच्याकडं रीत अशी, की लग्न ठरलेल्या पोरीला उन्हात पाठवत नाहीत. पोर रापली, हाताला घट्टे पडले, तर सासरचे नाक मुरडतात. म्हणून मी घरात राहिले आणि माझ्याऐवजी धाकटी गेली. मी सावलीत बसून भाकरी थापायची आणि ती चौदा वर्षांची पोर डोक्यावर मातीची पाटी घेऊन भराव चढायची. यात काही वावगं आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. मला तर नाहीच.

धाकटी मुळात खवय्यी होती. लहानपणापासून तिच्या तोंडाला चव होती म्हणा, किंवा हावरट होती म्हणा. हुरड्याच्या दिवसांत आगटीपुढून तिला उठवायला दोन माणसं लागायची. सगळे तिला त्यावरून चिडवायचे आणि तीही हसायची. पण तेव्हा घरात ज्वारी होती. आता रेशनचा लाल मिलो, ती अमेरिकेची ज्वारी, आली. त्याची भाकरी थापताना तुटायची, खाताना घशात अडकायची, आणि तीही पुरायची नाही. घरातल्या भाकरीचा कारभार माझ्याकडं. किती थापायच्या, कुणाला किती, उद्या न्याहारीला काय, हे सगळं मी बघायची. मला त्याचा ताठा होता. इतक्या थोड्यात चार तोंडं भागवते, म्हणून आई शेजारणींना माझं कौतुक सांगायची.

धाकटीला चुलीचा धूर सोसायचा नाही. म्हणून ती चुलीकडं पाठ करून जेवायला बसायची आणि मी मागून, तिच्या उजव्या खांद्यावरून, भाकरी पुढं करायची. दिवसभर माती वाहून आलेली ती. दोन भाकरी तर ती बघता बघता संपवायची.

आमच्यात म्हणतात, खाणाऱ्याची भाकरी मोजू नये. पीठ मोजावं, भाकरी टोपल्यात मोजावी, पण पानात पडली की मोजू नये. तिची बरकत जाते आणि खाणाऱ्याला लागतं. हे मलाही माहीत होतं. आईनं शिकवलं होतं. पण मी मोजायला लागले. आधी मनात, मग तोंडानं. "ही दुसरी." "ही तिसरी गं." ती चौथ्यासाठी हात पुढं करायची तेव्हा मी नुसती टोपलं झाकायची. एकदा दादांच्या आणि शेजारच्या दोन बायकांच्या देखत मी म्हटलं, "बाई, पोट हाय का रांजण? दादानं काय धोंडं खायाचं?" बायका खो खो हसल्या. दादाही हसले. धाकटीसुद्धा हसली आणि तिनं हातातली अर्धी भाकरी परत टोपल्यात ठेवली.

मला काय वाटलं ते सांगते. मला बरं वाटलं. ती अर्धी भाकरी मी दुसऱ्या दिवशी दादांच्या फडक्यात बांधली.

त्यानंतर ती दोनावर थांबायला लागली. मग दीडावर. मग तिनं सोमवार धरला. सोमवारनंतर गुरुवार, मग शनिवार, चतुर्थी, एकादशी. कुणी विचारलं तर म्हणायची, पावसासाठी धरलेत. झालं! एवढीशी पोर गावाच्या पावसासाठी उपास करते म्हणून बायका घरी यायला लागल्या. कुणी नारळ ठेवायची, कुणी तिच्या पाया पडायची. आई तिला दाराशी बसवायची, कपाळाला बुक्का लावायची. कामावर सगळ्यांना सुकडी, तो सरकारी कोरडा खाऊ, वाटायचे, ती स्वतःची सुकडी दुसऱ्यांच्या पोरांना देऊन टाकायची, आणि मुकादमसुद्धा म्हणायचा, देवमाणूस हाय. तिच्या गालाची हाडं वर आली, मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या, केस पुंजक्यानं गळायला लागले. आम्ही म्हणायचो, तेज आलंय. एका पोरीनं जेवण सोडलं आणि आख्ख्या गावानं तिला हात जोडले. असला वेडेपणा आमच्याच हातून व्हायचा.

ती भरावावर चक्कर येऊन पडली तेव्हा उपासाचा वार नव्हता, तरी पोटात काही नव्हतं. दादा तिला पाठंगुळी घेऊन घरी आले. आईनं दूध कुठून तरी मागून आणलं. धाकटीनं ओठ घट्ट मिटले. दादांनी दरडावलं, आई रडली, मी जबडा धरून चमचा घातला. तिनं सगळं दूध अंगावर सांडलं. मग देवऋषी झाला, अंगारा झाला, लिंबू उतरून झालं. शेवटी मुकादमाच्या ओळखीनं ट्रकमध्ये टाकून तिला नगरला दवाखान्यात नेलं. आई आणि मी बरोबर.

डॉक्टरांनी तपासलं. पोटात काही नाही, छातीत काही नाही. सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, खायला घाला. जणू आम्हीच अडवून धरलं होतं. मला राग आला. आता वाटतं, माणूस बरोबरच बोलला.

तिथं एक सिस्टरबाई होत्या. पन्नाशीच्या, जाड भिंगांच्या. त्यांचं सारं आयुष्य बाळंतपणाच्या वॉर्डात गेलेलं. आईनं धाकटीला "खा गं पोरी, मरू नगंस" म्हणून विनवणी चालवली होती. सिस्टरबाई जवळ येऊन म्हणाल्या, "बाई, आधी हे थांबवा. बाळंतिणीला मी 'घाबरू नको' म्हटलं की ती 'घाबर' एवढंच ऐकते. 'मरू नको' म्हटलं तर ही काय ऐकेल?" सिस्टरबाई म्हणाल्या, 'खा' हा शब्दच आठ दिवस बंद. 'नको'सुद्धा बंद.

मग दुपारी वॉर्ड शांत असताना त्या धाकटीच्या खाटेशी बसल्या. मी पायथ्याशी होते. त्यांनी विचारलं, "जेवायला बसलीस की कोण बोलतं?"

धाकटी म्हणाली, "कुणी न्हाई." मग म्हणाली, "हाय एक."

"बाई की बाप्या?"

"बाई."

"कुठनं बोलते?"

धाकटीनं हात वर केला आणि उजव्या खांद्यामागं दाखवलं.

"काय म्हणते?"

ते तिनं सांगितलं नाही. सिस्टरबाईंनीही ओढून काढलं नाही. "राहू दे ते. पण तिला जरा लांब सरकवू या का? खाटेच्या पलीकडं? आता दाराशी. आता बाहेर त्या लिंबाखाली. आता तिला तिथनंच बोलू दे. आवाज बारीक झाला का? आता तिला बाजारातल्या दवंडीवाल्यासारखं नाकात बोलायला लाव." धाकटीच्या तोंडावर हसू आलं, कितीतरी महिन्यांनी. मग सिस्टरबाईंनी विचारलं, खायला मजा आली असा एखादा दिवस आठव. तिला हुरड्याचा दिवस आठवला. धूर कसा होता, कणसं चोळताना हाताला काय लागलं, तोंडात दाणा कसा फुटला, सगळं एकेक करून विचारलं. ते तोंडभर आठवत असताना त्यांनी तिला डाव्या हाताचा अंगठा मुठीत धरायला सांगितलं. म्हणाल्या, "हा तुझा हुरडा. वाटेल तेव्हा मूठ मीट." त्या दिवशी धाकटीनं पेजेचे चार घास घेतले. मी संडासात जाऊन रडले.

हे कुठं शिकलात, मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, "रडणाऱ्या बायकांशी तीस वर्षं बोलतेय. कुठला शब्द बाईला सोडवतो आणि कुठला आवळतो, ते कान असला की कळतं."

मी त्यांच्या मागंच लागले. मला शिकवा म्हटलं. आठ दिवस व्हरांड्यात बसून मी एकेक गोष्ट घोटली. आवाज खाली ठेवायचा. तिच्या श्वासाबरोबर बोलायचं. प्रश्न विचारायचा, हुकूम सोडायचा नाही. 'किती' हा शब्द टाळायचा. घरी निघताना सिस्टरबाई म्हणाल्या, "रोज तू हे करून घे तिच्याकडून. आईला जमणार नाही, ती रडते. तुझ्यावर जीव आहे हिचा." मला किती मोठं झाल्यासारखं वाटलं! दवाखान्यातून निघताना धाकटी वाटी वाटी पेज घेत होती. एसटीत ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

घरी आल्यावर मी धडाच चालवला. दोन्ही वेळा, जेवणाआधी. तीच जागा, चुलीकडं पाठ. मी तिच्या मागं बसायची, उजवीकडं, कारण तीच माझी बसायची जागा. मऊ आवाज काढून म्हणायची, "डोळं मीट. ती बाई आली का? तिला दारापातूर ने. आता लिंबाखाली." धाकटी मान डोलवायची. अंगठा मुठीत धरायची, इतका घट्ट की बोटं पांढरी पडायची. आणि पेजेची वाटी तशीच राहायची.

पहिल्या आठवड्यात अर्धी वाटी. दुसऱ्यात दोन घास. मला वाटलं, माझं काहीतरी चुकतंय, आणखी नीट करायला हवं. आवाज आणखी मऊ केला. आणखी वेळ बसायला लागले. ती थकायची, तरी मी सोडायची नाही. दवाखान्यात एका परक्या बाईपुढं जी जेवली ती माझ्यापुढं का जेवत नाही, याचा मला मनातून रागही यायचा, आणि तो राग गिळून मी पुन्हा गोड आवाजात "डोळं मीट" म्हणायची. तिनं एकदाही तक्रार केली नाही. मी म्हटलं की डोळे मिटायची. तिसऱ्या आठवड्यात तिला भिंत धरल्याशिवाय उभं राहता येईना.

परत नगर. सिस्टरबाईंनी तिला बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "घरी कसं करतेस ते माझ्यासमोर कर."

मी केलं. जसंच्या तसं. कुठं अडखळले नाही. सिस्टरबाई माझ्याकडं बघतच नव्हत्या, धाकटीच्या उजव्या खांद्याकडं बघत होत्या. मग मला म्हणाल्या, जा, तांब्याभर पाणी आण. मी पाणी घेऊन आले तर दारातूनच दिसलं, माझ्या जागी आईला बसवलंय आणि आई अडखळत, चुकत, तेच बोलतेय. धाकटीचा खांदा खाली होता. मी आत पाऊल टाकलं आणि "पानी आनलं" म्हटलं. तो खांदा झटकन वर, कानापर्यंत गेला. कुणी मारायला हात उचलला की जातो तसा.

सिस्टरबाईंनी मला व्हरांड्यात नेलं. त्यांनी एवढंच विचारलं, "घरी वाढतं कोण?"

"मी."

"कुठं बसून?"

हातातला तांब्या मी खाली ठेवला. उजव्या खांद्यामागची बाई मीच होते. तीन आठवडे, दोन्ही वेळा, मी माझ्याच आवाजात तिला सांगत होते की तो आवाज लांब घालव. ज्याला लिंबाखाली पाठवायचं तोच तिच्या कानाशी बसून गोड गोड बोलत होता. आणि ती पोर मला बरं वाटावं म्हणून डोळे मिटत होती.

"तिनं मला सांगितलेलं नाही," सिस्टरबाई म्हणाल्या. "आणि ती सांगायची नाही. जीव आहे तिचा तुझ्यावर. दुसऱ्या कुणाचा आवाज असता तर तिनं कधीच उडवून लावला असता."

आठ दिवसांनी थोडी पेज पोटात राहायला लागली तसं तिला घरी आणलं. मला राहवलं नाही. संध्याकाळी आई पाण्याला गेली होती तेव्हा मी तिला विचारलं, "ती बाई मी हाय का गं?"

"न्हाई आक्का!" ती इतक्या घाईनं म्हणाली की मला उत्तर मिळालं. मग तिनं माझा हात धरला. "खोटं वाटतं व्हय? थांब." टोपल्यातली मिलोची अर्धी भाकरी घेतली आणि माझ्या डोळ्यांत बघत बघत खाल्ली. पाण्याशिवाय, सगळी. हसून म्हणाली, "बघ, जेवले का न्हाई?" थोड्या वेळानं ती घरामागं गेली. मी तिच्या मागं गेले नाही. भिंतीच्या अलीकडं उभी राहून मी तिचं ओकणं ऐकलं. आपल्यावर कुणी इतकी माया करावी आणि आपण त्या मायेच्या लायक नसावं, यासारखं दुःख नाही. मला वाटलं, भुईनं पोटात घ्यावं.

मी गप्प राहायचं ठरवलं. दोन दिवस एक शब्द बोलले नाही. पण घर केवढं आमचं! मी खोकले तरी तिचा खांदा हलायचा. मी गप्प का, म्हणून ती आणखी कासावीस. तेव्हा मला कळलं की मी या घरातून जायला हवं, आणि पोरीनं घरातून जायची आमच्यात एकच वाट आहे.

मी दादांना म्हटलं, "माजं लगीन करून टाका. आत्ताच."

दादा बिडी ओढत होते, ती त्यांच्या हातातच विझली. पोरीनं स्वतःच्या तोंडानं लग्न मागायचं! तेही दुष्काळात, धाकटी बहीण अंथरुणावर असताना! आईनं मला थोबाडीत मारली. "बहीन मराया लागलीय आन् हिला नवरा सुचतोय. लाज कुटं इकली गं?" मी मार खाल्ला. खरं सांगितलं असतं तर आई धाकटीलाच खोदून खोदून विचारत बसली असती, आणि ती "न्हाई न्हाई" म्हणत माझ्यापायी आणखी भाकरी ओकली असती. म्हणून लाज विकलेली पोर झाले. गावात बायका मला बघून पदर तोंडाला लावायला लागल्या. शेवटी दादाच म्हणाले, एवढी उतावीळ झालीय तर देऊन टाका, नको बोभाटा.

जायच्या आधी एक काम उरलं होतं. आईला शिकवायचं. सिस्टरबाई म्हणाल्या होत्या, आई रडते, पण तिचा आवाज चालतो. मी आईला धाकटीमागं बसवलं आणि स्वतः समोर, लांब, उंबऱ्यावर बसले. आईला त्यातलं काडीचं कळत नव्हतं. मऊ आवाज, श्वास, काही नाही. तिच्या डोक्यात एकच होतं, की कुण्या हडळीनं पोरीला धरलंय.

"त्या भवानीला म्हनावं, नीघ माज्या पोरीच्या खांद्यावरनं!" आई सुरू झाली. "नदीपल्याड जा म्हनावं. तितंच मर. तुजं तोंड जळो. माज्या लेकराच्या तोंडचा घास काडतीस व्हय गं? तुला जलमात घास गोड लागायचा न्हाई!"

धाकटी माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिला माहीत होतं आई कुणाला शिव्या देतेय, आणि मलाही माहीत होतं, आणि आईला माहीत नव्हतं. धाकटीनं आईला थांबवायला हात वर केला. मी मान हलवली. तोंडातून आवाज न काढता नुसती मान हलवली, की बोलू दे तिला.

आई थांबली, मला म्हणाली, "बराबर म्हनतेय का गं मी?"

मी खुणेनंच सांगितलं, बरोबर.

"आनखी देऊ शिव्या?"

दे, मी मान डोलवली. आणि आईनं दिल्या. आईला शिव्या चांगल्या यायच्या. ऐकता ऐकता धाकटी रडता रडता हसायला लागली, तिचा खांदा खाली आला, आणि तिनं वाटी तोंडाला लावली. अर्धी वाटी पेज प्यायली ती. मी उंबऱ्यावरून उठून बाहेर गेले.

लग्न चार माणसांत झालं. पाण्याचा टँकर वेळेवर आला नाही, म्हणून व्याही हात न धुताच गेले. पाठवणीला सगळ्या पोरी रडतात, म्हणून माझं रडणं कुणाला वेगळं वाटलं नाही. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्या गळ्यात पडले, पण कानाशी काही बोलले नाही. ती म्हणाली, "आक्का, बोल की कायतरी." मी नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मणके हाताला लागत होते.

केडगावात नवरा सकाळी सायकलवर नागापूरला निघून गेला की मी दिवसभर एकटी. बोलायला कुणी नाही ते बरंच होतं. माझा आवाज ऐकायचा मला कंटाळा आला होता. दर पंधरवड्याला आईचं पोस्टकार्ड यायचं, शाळेतल्या कुणा मुलाकडून लिहून घेतलेलं. "धाकटी बरी हाय. पेज संपवली." "भात खाल्ला." "उपास सोडले, बायका नाराज झाल्या." एका कार्डात होतं, "तू गेली आनि घर भाग्याला आलं, तुझा पायगुण सासरला चांगला लागो." आईनं ते आशीर्वाद म्हणून लिहिलं होतं. ते कार्ड मी चुलीत घातलं, आणि मग तव्यावरची भाकरी करपेपर्यंत तिथंच बसून राहिले.

पुढच्या साली पाऊस झाला. सुगी झाल्यावर नवऱ्यानं मला एसटीत बसवून दिलं, म्हणाला, माहेरी जाऊन ये. गावाच्या फाट्यावरून चालत घरापाशी पोचले तेव्हा भर दुपार होती. दार उघडं होतं. आत चुलीवर भाकरी पडत होत्या, ज्वारीच्या, वासावरून कळलं. आणि आतून धाकटीचा आवाज आला.

"आई, आजून एक दे. ठेच्यासंगट."

"दमानं गं, करपंल," आई म्हणाली.

"करपू दे. दे लवकर."

मी हाक मारायला तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. पायातल्या वहाणा हातात घेतल्या आणि मागं सरकले, आवाज न करता, अंगणापलीकडं शेजाऱ्यांच्या कुडाच्या आडोशाला. ऊन डोक्यावर होतं. शेजारीण बाहेर आली, "अगं, माहेरवाशीन अशी भायेर का?" म्हणाली. मी ओठांवर बोट ठेवलं. तिला वाटलं मी घरच्यांना चकित करणार आहे; ती हसत आत गेली. आतून ताटात भाकरी पडल्याचा आवाज येत होता, धाकटी काहीतरी सांगत होती, आई हसत होती. हात धुतल्याचं पाणी अंगणात फेकलेलं मी बघितलं, मगच दारात गेले.

"आक्का!" धाकटी धावत आली. गाल भरले होते तिचे. "कवा आलीस?"

"आत्ताच," मी म्हणाले.

तिनं मला पाणी दिलं, पाट मांडला, वाढलं. माझ्याजवळ बसून गप्पा मारल्या. आई म्हणाली, तूही बस हिच्यासंगं चतकोर घेऊन. धाकटीनं माझ्याकडं बघितलं, तिचा डावा हात मूठ मिटून पदराखाली गेला, आणि मी घाईनं म्हटलं, "र्‍हाऊ दे, तिचं झालंया."

नंतर तिचंही लग्न झालं, मुलं झाली. आम्हा दोघींचं कधी वाकडं आलं नाही. माझ्या आजारपणात ती पंधरा पंधरा दिवस येऊन राहिली. पण मी तिच्या घरी जाते ती दुपार टळल्यावर, आणि ती माझ्याकडं असली की तिच्या जेवणाच्या वेळी मी देवळात जाऊन बसते. याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. आता ती पासष्टीची आहे, अंगानं गोल झालीय. तिच्या सुना सांगतात, सासूबाई मजेत जेवतात. मी तिला जेवताना पाहिलेलं नाही.